अकरावीची तुकडी

उज्ज्वला मॅडमना पेढ्यांचा वास सहन होत नाही. शेजारणींना वाटतं, साखर वाढली असेल. खरं कारण असं, की गेली नऊ वर्षं दहावीचा निकाल लागला की त्या पेढ्यांचा डबा घेऊन पोरं धरत फिरतात. 'पोरं धरणं' हा शिक्षकांचाच शब्द. स्टाफरूममध्ये तो कुणाला खटकत नाही.

मॅडम यवतमाळला राहतात आणि रोज एसटीने राळेगाव तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायला जातात. शाळेला जोडून अकरावी-बारावी आहे, फक्त कला शाखा. मुलं कमी पडली की तुकडी बंद होते आणि तिथले शिक्षक अतिरिक्त ठरून कुठल्या तरी लांबच्या शाळेत फेकले जातात. म्हणून प्रत्येकाने दहा पोरं आणायची, असा संस्थेचा हुकूम. दहावीच्या शिक्षकांनाही तो लागू. कला शाखेत वाईट काही नाही. वाईट हे, की इथे ती कुणी शिकवतच नाही. इतिहासाचे नंदकिशोर सर दुपारी साडेबाराची गाडी पकडतात. मुलं नाव घालतात, शेतात निंदणाला जातात आणि एकदम परीक्षेला उगवतात. हजेरी मात्र रोज भरलेली असते.

अशा शाळेत करिअर मार्गदर्शनाचं कामही उज्ज्वला मॅडमकडेच, कारण दुसरं कुणी ते घेतलं नाही. यवतमाळला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, एक फाइल मिळाली. इतरांनी असल्या फायली कपाटावर टाकल्या असत्या, मॅडमनी वाचली. दहावीच्या मुलांना त्यांनी विचारलं, काय करताना तुम्हाला वेळ कळत नाही? पोरांनी क्रिकेट, मोबाइल असलं काहीबाही सांगितलं. रुपाली म्हणाली, "जळेल मोटर भरताना." वर्ग हसला. तिचे वडील बाबाराव विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देतात, आणि ही पोरगी सातवीपासून त्यांच्या शेजारी बसून तांब्याची तार गुंडाळते. मॅडमनी तिला थांबवून घेतलं आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा काय असतो, यवतमाळच्या तंत्रनिकेतनात तो कसा मिळतो, हे सगळं समजावून दिलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना बसमध्ये उभं राहायचाही त्रास झाला नाही.

रुपालीला शहाऐंशी टक्के मिळाले. शाळेत पहिली.

मुख्याध्यापक सदाशिवरावांनी मॅडमना बोलावलं. "ही पोरगी आपल्या अकरावीत राहिली ना, तर मागून पंधरा येतात."

"सर, ती डिप्लोमाला जाणार आहे."

"तिला कुणी सांगितलं डिप्लोमाचं?"

मॅडमनी पर्सची चेन उगाच उघडून लावली.

"मग तुम्हीच जा. तुमचं ऐकते ती. नंदकिशोर सरांना सोबत न्या, त्यांना बोलता येतं."

बाबारावांच्या घरात पुढच्या खोलीतच दुकान. वार्निशचा उग्र वास. बाबाराव लगबगीने उठले. "या मॅडम, या. अवं नलू, खुर्ची पूस." नलू म्हणजे रुपालीची आई. शाळेत खिचडी शिजवायला आहे. तिने खुर्ची पदराने पुसली.

नंदकिशोर सरांनी रुपालीच्या खांद्यावर शाल टाकली, हातात पेढा दिला, फोटो काढला आणि तिथल्या तिथे शाळेच्या ग्रुपवर टाकला. मग म्हणाले, "बाबाराव, पोरीला कलेक्टर करायचं की नाही?"

"सर, मी मोटरी भरनारा मानूस. मले काय समजते त्यातलं?"

"मग कला शाखा. स्पर्धा परीक्षेला तोच रस्ता."

रुपाली मॅडमकडे पाहत होती. "मॅडम, मंग डिप्लोमा? तुमीच तं सांगतलं होतं."

"अगं, डिप्लोमा काय पळून जातो का?" सरच बोलले. "तो नंतरही करता येतो."

हे धडधडीत खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त किळसवाणं होतं. मॅडमनी एवढंच म्हटलं, "बघू, विचार करू."

"मॅडम घरी आल्या, आता इचार कायचा?" नलू म्हणाली. "माह्यं काम बी शाळेतच हाय." यावर सर नुसते हसले. नलूने लगेच लेकीला म्हटलं, "दे व रुपाली, गुणपत्रिका दे."

रुपालीने प्लॅस्टिकच्या पिशवीतली मूळ गुणपत्रिका आणून मॅडमच्या हातात ठेवली. सरांच्या नाही, मॅडमच्या. मॅडमनी ती पर्समध्ये घातली आणि आग्रह झाला म्हणून दोन पेढे खाल्ले.

मॅडमची मुलगी गुंजन यंदाच दहावी झाली. तिच्यासाठी नागपूरच्या समुपदेशकाकडे दोन खेपा झाल्या होत्या. तिच्या आवडीनिवडींचा अठरा पानी अहवाल जेवणाच्या टेबलावरच पडलेला असे. त्या संध्याकाळी जेवताना चारुदत्त, म्हणजे मॅडमचे यजमान, म्हणाले, "मला वाटतं घाई नको. पुन्हा एकदा भेटून येऊ त्यांना. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"तुझी आज किती पोरं धरून झाली?" त्यांनी चेष्टेने विचारलं.

"एक."

गुंजन खुदकन हसली. मॅडम ताटावरून उठल्या. बेसिनपाशी तीनदा चूळ भरली, तरी जिभेवरचा खव्याचा थर जाईना.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. फाटकावर मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर शाल पांघरलेली रुपाली, आणि खाली 'आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. प्रवेश झालेलाच नव्हता. रुपाली त्याच फ्लेक्सखालून चालत आली आणि स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, डिप्लोमाचे कागद तपासाची उद्या शेवटची तारीख हाय. मी फारम भरला. आईले नाई सांगतलं. पन टीसी देऊन नाई राह्यले. हापिसातले लखीराम बाबू म्हनते, अकरावी इथंच हाय तं टीसी कायले पाह्यजे?"

तिची गुणपत्रिका अजून मॅडमच्या पर्समध्येच होती, कंगवा आणि बसच्या पासशेजारी. मॅडमनी ती काढून दिली. वर्गशिक्षक म्हणून टीसी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आणि सदाशिवरावांसमोर ठेवली.

"सही करा, सर."

"मग नलूबाईंचंही बघावं लागेल. खिचडीला दुसरी बाई मागून राहिले लोक."

"शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी देईन मी. फ्लेक्सचा फोटो काढलाय."

मॅडमना वाटलं, आता ते चिडतील. ते मुळीच चिडले नाहीत. हसून त्यांनी सही केली, वर शिक्का मारला, ओला शिक्का फुंकून वाळवलासुद्धा. "घ्या. एका पोरीसाठी एवढं कायले? पण तिची जागा तुम्हीच भरायची. उद्यापर्यंत दुसरी आणा. आणली, तर नलूबाई राहतात. नाहीतर माझ्या हातात काही नाही. आणि मी तोंडानं सांगतोय, याचा फोटो निघत नाही."

रुपाली टीसी घेऊन पाया पडायला वाकली. मॅडम मागे सरकल्या. "जा, गाडी चुकेल," एवढंच म्हणाल्या.

खिचडीच्या शेडमधून नलू मोठ्याने कुणाला तरी तिखट आणायला सांगत होती. मॅडमनी निकालाची यादी काढली. वरून नाही, मधून पाहत गेल्या. जिथे कुणी उलट प्रश्न विचारणार नाही, असं घर त्या शोधत होत्या आणि आपण नेमकं तेच शोधतोय, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. साधना. एकाहत्तर टक्के. आईवडील नाहीत, मावशीकडे राहते.

दुपारी त्या एकट्याच गेल्या. अंगणात साधना बकरीचा पाय मांडीवर घेऊन त्याला पट्टी बांधत होती. गाठ अशी सफाईची, की मॅडम क्षणभर पाहतच राहिल्या. तिची मावशी, विमलताई, पाणी घेऊन आली.

"मॅडम, बकऱ्याईचं डॉक्टर होता येते का?" साधनाने मान वर न करता विचारलं.

त्याला विज्ञान शाखा लागते. ती राळेगावला आहे. बसचा पास मुलींना फुकट आहे. हे सगळं त्या फाइलमध्ये होतं आणि मॅडमना पाठ होतं.

"येतं की," त्या म्हणाल्या. "आधी अकरावी तर कर. बाकीचं काय, नंतरही करता येतं."

"आमाले नाई समजत, बाप्पा," विमलताई म्हणाली. "तुमी मॅडम हाय. तुमी म्हनसान तसं." तिने आत जाऊन देवाच्या फोटोमागून गुणपत्रिका आणली.

मॅडमनी ती मूळच आहे ना, हे उजेडाकडे धरून पाहिलं.