बॅटऱ्या ताटातच होत्या

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. लिंबू लोणच्यासाठी आणि मिरची मोर-मिळगायसाठी, म्हणजे तुमच्या सांडगी मिरचीसाठी, एवढाच माझा त्या जोडीशी संबंध. या सदरातले अनुभव मी आजवर हसत हसत वाचत आले... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी तंजावूरची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं — सगळं करते. देवनागरी आईनं शिकवली. आमच्या गल्लीत आता ती फारशी कुणाला वाचता येत नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली हळूहळू जाणार. त्यातच तिची थोरली बहीण, माझी मावशी, मुलाकडे मेलबर्नला कायमची निघाली. निघण्याआधी भेटायला आली तो दिवस नेमका आयुधपूजेचा, म्हणजे तुमच्या खंडेनवमीचा. सकाळी दोघींना मागच्या अंगणात बसवून मी फोटो काढले. आधी दोघी पासपोर्टच्या फोटोला बसावं तशा ताठ. मग मावशी काहीतरी कुजबुजली, आईनं तिचं नाक चिमटीत धरलं, दोघी खदखदून हसल्या आणि मी बटण दाबलं. इतकी वर्षं हेच काम करतेय, पण असा फोटो... काढताक्षणीच कळलं, हाच तो.

"मोठा कर हां," आई म्हणाली. "एवढा मोठा, कीं ताईचं नाक मला नीट दिसूं दे."

"माझं नाक दिसाया मोठा कशाला?" मावशी म्हणाली. "लहान केलास तरी दिसेल."

आता आमची आयुधपूजा कशी असते ते सांगायला हवं. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं देवीपुढे बसवायचं. कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप, हार्ड डिस्क — सगळ्यांना चंदन लावून वर कुंकू. एकदा बसवलं की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही, कारण आयुधं विश्रांती घेतात. मी तर बॅटऱ्यासुद्धा काढून पूजेच्या ताटात ठेवते. गिऱ्हाइकांना येता-जाता मीच ऐकवत असते, फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक कॉपी घराबाहेर ठेवा. आणि त्या दिवशी कॅमेरा, लॅपटॉप, डिस्क तिघंही देवीपुढे ओळीनं बसलेले. कॉपी करायची तरी कशी?

मी आईला विचारूनही पाहिलं.

"अत्तां नको," ती म्हणाली. "बसलीं आहेत तीं. उद्यां कर."

संध्याकाळच्या गाडीनं मावशी गेली. सकाळी स्टुडिओत आले, तर रस्त्याकडच्या दाराची कडी उचकटलेली. लॅपटॉप होता, डिस्क होती, देवी होती... कॅमेरा नव्हता. कार्ड त्याच्यातच. बॅटऱ्या सगळ्या ताटात, कालच्या फुलांखाली, जशा ठेवल्या तशा.

आतून आईनं विचारलं, "फोटो झाला कां?"

"होतोय," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

पोलिसांत गेले. बिल, खोक्यावरचा सीरियल नंबर, सगळं दिलं. जुन्या मालाच्या दुकानांत चौकशी करतो म्हणाले. घरी येईपर्यंत मी त्या चोराला मराठी आणि तमिळ दोन्ही भाषांत मनसोक्त शिव्या घातल्या. कॅमेरा दुसरा घेता आला असता हो. पण ते नाक धरलेलं हसू कुठून आणणार? आणि मावशी परत येईपर्यंत आईला दिसणार होतं का?

दुपारी आईला जेवायला वाढत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. कॅमेऱ्याच्या अॅपचा तो ओळखीचा आवाज — "नवीन फोटो आला आहे."

माझ्या हातातला डाव सांबारात पडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हल्लीच्या कॅमेऱ्यांतून काढलेला फोटो लहान करून आपोआप मोबाइलवर येतो. पण कॅमेरा चालू हवा आणि मोबाइल जवळ हवा, जवळ म्हणजे त्याच खोलीत. मी धावत स्टुडिओत गेले. कॅमेरा नाही. बॅटऱ्या ताटात.

फोटो उघडला. तिरका, अगदी जमिनीलगत काढलेला. सिमेंटच्या बाकाचा पाय, केळीच्या पानांची मोळी, आणि मागं रेल्वेच्या पिवळ्या पाटीची कड. पाटीवर तमिळमधली शेवटची अक्षरं दिसत होती — "नासम".

पापनाशम. आमच्या तालुक्याशेजारचंच गाव, इथून रस्त्यानं तासाभरावर.

"आई, मी आलेच," एवढंच ओरडले आणि स्कूटर काढली. पोलिसांना वाटेतून फोन केला, पण थांबायला सवड कुणाला होती? दोन्ही बाजूंना भाताची शेतं, कालव्याला भरपूर पाणी, आणि मी मोपेड, सायकली, गावच्या बसगाड्या सगळ्यांना हॉर्न देत सुटलेली. भीती म्हणाल तर तेव्हा वाटलीच नाही. सापडणार, सापडणार, एवढंच चाललं होतं डोक्यात.

स्टेशनात शिरले. पिवळी पाटी... तिच्यासमोर बाक... बाकाला टेकून केळीच्या पानांची मोळी. आणि बाकाखाली एक मंजप्पै, लग्नात वाटतात तसली पिवळी कापडी पिशवी. तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं.

मी खाली वाकले, तशी पानं विकणारी बाई तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, ती तुमची आहे का?"

"माझीच. आत कॅमेरा आहे."

"सकाळी एक माणूस ठेवून गेला. पोलीस दिसले तसा सरळ गाडीत चढला. मी सोडून बघितली, तर आत कुंकू लावलेलं. पूजेची वस्तू दिसली, म्हणून परत बांधून ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही."

मी सुतळी सोडली. आत माझाच कॅमेरा. लेन्सवर झाकण घट्ट बसलेलं, आणि झाकणावर मी लावलेलं चंदन-कुंकू जसंच्या तसं. बोटाचा ठसासुद्धा नाही. बॅटरीचा कप्पा उघडला, रिकामा. कार्ड जागेवर होतं. मी त्या बाईला मिठीच मारली, बिचारी गांगरून गेली.

पोलीस आले, खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिलं, कागद केले. मोबाइलवरचा फोटो मी दाखवला. हवालदारांनी तो पाहिला, बाक पाहिला, मग मला म्हणाले, "अम्मा, हे मी लिहून घेत नाही."

घरी आल्या आल्या कार्डाच्या दोन कॉपी केल्या, तिसरी मावशीच्या मुलाला पाठवली, आणि मगच पाणी प्यायले. आई-मावशीचे सगळे फोटो होते. बाकाचा फोटो कार्डावर नव्हता. ताटातली बॅटरी घालून एक फोटो काढून पाहिला, तर त्याला आईच्या शेवटच्या फोटोनंतरचा नंबर मिळायला हवा होता. मिळाला त्याच्या पुढचा; मधला एक नंबर गायब.

चोराकडं दुसरी बॅटरी असेल, असं माझा भाऊ म्हणतो. असेल. झाकण? आणि पापनाशमहून माझ्या सांबारापर्यंत फोटो आला कसा? कॅमेरा कंपनीला लिहिलं, त्यांनी अॅप अपडेट करा म्हणून कळवलं. तो तिरका फोटो अजून मोबाइलवर आहे, रोज एकदा बघते.

आईला मोठी प्रिंट करून दिली, भिंतभर. नजर होती तोवर ती रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायची. आता तिला फक्त उजेड कळतो. तरी आल्या-गेल्याला प्रिंटपुढं नेऊन सगळं सांगते — हें ताईचं नाक, ही माझी चिमटी, ही पडलेल्या दाताची फट. एकही जागा चुकत नाही.

यंदा आयुधपूजेला सगळ्या कॉपी आदल्या दिवशीच करून ठेवल्या. कॅमेरा देवीपुढं ठेवला, चंदन लावलं, आणि सवयीनं बॅटरीचा कप्पा उघडला. टक्कन आवाज झाला. आई मागं बसली होती.

"बॅटरी राहूं दे आंत," ती म्हणाली. "परत कोठें गेला कॅमेरा, तर त्यानं आपल्याला सांगाया नको कां?"

मी कप्पा हळूच बंद केला.