भिंतीवर आधीच उतरलेलं यान

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातली एक भिंत मी अवकाशाला दिली होती. पहिला उपग्रह, अवकाशात गेलेली कुत्री, पहिला माणूस, चंद्रावरचं पहिलं पाऊल, आपलं मंगळयान. सगळं ओळीने, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. दुसरं चांद्रयान उतरणार त्याच्या आदल्या दिवशी केनवडचा पेंटर आला. गणपतीचे दिवस, मंडळांच्या बोर्डांपुढे त्याला सवड नव्हती. "सर, जे काय लिवाचं ते आजच लिवून घ्या. मंग मी दसऱ्यापर्यंत सापडत नाही." मीही उतावळा. 'आपले यान चंद्रावर उतरले' असं लिहून घेतलं आणि छाती फुगवून पाहत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, उतरता उतरता संपर्क तुटला. तेव्हाच ओळीवर चुना मारायला हवा होता. पण गावात चेष्टा सुरू झाली, "काय सर, तुमचं यान तं शाळेतच उतरलं!" आणि माझं डोकं फिरलं. वर्गात सांगितलं, संपर्क होईल अजून, ओळ पुसायची नाही.

त्याच आठवड्यात रिसोडला विज्ञानाची प्रश्नमंजुषा होती. आमच्या शाळेतून पाचवीतली एक मुलगी गेली. प्रश्न पुरा व्हायच्या आधी हात वर करणारी. शेवटच्या फेरीत तिला नेमकं यानाचंच विचारलं. "उतरलं," ती ठणकावून म्हणाली. सगळा हॉल हसला.

परतताना एसटीत मी विचारलं, "घरी कोणी बोललं नाही का गं, काय झालं ते?"

"बाबा म्हणे, पडलं. मी त्यायच्यासंग भांडली. म्हटलं, सरनं भिंतीवर लिहेल हाय."

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू." त्याची लाज मला आजही वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः ओळीवर चुना फासला. पण वर्गात तिचा हात पुन्हा वर झाला नाही.

चार वर्षांनी पुढचं यान संध्याकाळी उतरायचं होतं. शाळेत टीव्ही लावला, गाव लोटलं. ती आता नववीत, हायस्कूलला. दाराशी मागे उभी होती. यान उतरलं तशा टाळ्या, शिट्ट्या, एकच गलका. मुख्याध्यापक खुशीत ओरडले, "सर, चुना खरडून टाका, ओळ आयतीच हाय!"

मला ती ओळ डोळ्यांसमोर नको होती. मी गर्दीतून तिच्यापाशी गेलो.

"तेव्हा चूक माझी होती," मी म्हणालो. "तुझी नव्हती. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

तिने मान हलवली. मला तेवढ्याने बरं वाटलं, आणि मी उत्साहाने म्हणालो, "आज मात्र खरंच उतरलं बघ."

तिने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो सर," ती अगदी अदबीनं म्हणाली. "उद्या पेपरात पाहीन मी."