माझ्या हातचे अकरा मोदक

माझ्या हातचे अकरा मोदक सुमेधाताईंनी ताटातून उचलले आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी शेजारीच उभी. बोटांना अजून उकड चिकटलेली.

उइटहॉर्न या डच गावातलं त्यांचं घर. गणपतीचा पहिला दिवस. माझ्यासारख्या बारीक कळ्या इथे कुणाला जमत नाहीत, म्हणून दरवर्षी सकाळीच बोलावणं यायचं. मी जायचे ते लेकीच्या कानावर मराठी पडावं म्हणून. आमच्या आडनावावरून काही कळत नव्हतं. मीही सांगत नव्हते. भ्याले होते, दुसरं काय.

त्या दिवशी घात माझ्याच सवयीनं केला. ताईंनी चपलांच्या कपाटावर बुद्धाचं डोकं नवंच आणून ठेवलं होतं, इथे बागेच्या दुकानात मिळतं तसलं, शोभेचं. पोरांच्या धक्क्यानं ते चपलांत पडलं. मी धावले. उचललं, ओढणीनं पुसलं, कपाळाला लावलं. ताई बघत होत्या.

"तुम्ही त्यातल्या का?"

मी मान डोलावली.

"अगं, मग आधी सांगायचं ना. आमच्याकडे सोवळ्यातला नैवेद्य असतो. तू पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास भर, बघू."

आवाज अगदी गोड. मग ते मोदक गेले. आणि मी ग्लास भरायला लागले. हे सांगताना आजही लाज वाटते. निमूट भरत होते.

आठ वर्षांची लेक जवळ आली. तिनं डचमध्ये विचारलं, तुझे मोदक बिघडले होते का?

मी हो म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं.

लहानपणी आई ज्यांच्याकडे धुणीभांडी करायची, तिथे मला चहा कान तुटलेल्या कपात मिळायचा. तो कप कोनाड्यात वेगळा असायचा. आई म्हणायची, तो खास तुझ्यासाठी ठेवलाय. मी शाळेत फुशारकी मारायचे. आईनं माझं मन राखलं, आणि स्वतः रोज काय गिळलं ते कधी बोलली नाही. ती गेली तेव्हा मी इथे होते. मला सगळं कळलं होतं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

मी हातातला पाण्याचा जग खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, "नाही. मोदक चांगले होते. आपण बौद्ध आहोत, म्हणून यांनी ते फेकले."

आरतीसाठी जमलेल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, सणाच्या दिवशी कशाला. मी लेकीला जॅकेट घातलं.

डीमनला आमच्या घरी परतताना ती बसमध्ये रडली. तिच्या मैत्रिणी तिकडेच राहिल्या होत्या. मीही रडले.

आता तिकडून बोलावणं येत नाही. तिची मराठी मागे पडतेय. मला दिसतं, आणि फार वाईट वाटतं. येईल तेवढी मी शिकवीन. पण माझी लेक अपमानाला लाड समजत वाढणार नाही.