क्रँकवरचं कुंकू

विघ्नहरावर मी इतका कधीच चिडलो नव्हतो. आमच्या बोरीहून दर संकष्टीला ओझरच्या गणपतीला जायचा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नेम, तोही आपल्या जुन्या, दोन सिलेंडरच्या मोटारसायकलवरून. जन्मभर त्या देवापुढे उभा राहिलेला हा माणूस, आणि ब्याऐंशीव्या वर्षी त्याची आठवणच गेली. दोन वर्षं ते मला ओळखत नाहीत. चहा दिला की विचारतात, "पावणं, कुठलं गाव?" विसरले नाहीत ती फक्त गाडी. पडवीत बंद पडलेल्या गाडीवरून रोज हात फिरवतात. शेवटी मी नवस बोललो, की गाडी चालू करून आबांना मागे बसवून तुझ्या दारी आणतो, तू मला एकदा त्यांचा मुलगा होऊ दे. देवाशी सौदा करू नये हे मलाही कळतं, पण जिवाला लागलं की माणूस करतो.

इंजिन खोललं तर दोन्ही कनेक्टिंग रॉड झिजलेले. पिस्टनचा जोर क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनच्या फिरत्या कण्यापर्यंत पोचवणारे ते दांडे, आणि त्यांची खालची गोल भोकं अंड्यासारखी झाली होती. नवे रॉड कुठेच मिळेनात. वारूळवाडीच्या लेथवर मिलिंदभाऊंनी ती भोकं पुन्हा गोल करून आत नवे बुश, म्हणजे धातूची कडी बसवून दिली. ओळख म्हणाल तर दोन चकरांची, पण मापं घेताना ते माझ्या प्रश्नांनाही उत्तर देत नव्हते, इतके गुंग.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आपली रीत. मी क्रँक आणि रॉड पाटावर मांडले, झेंडू वाहिला आणि हळदकुंकू तर अगदी बोटं भरभरून लावलं. तेलाच्या लोखंडावर ते छान चिकटलं. मग वरवर पुसलं आणि संध्याकाळपर्यंत इंजिन बांधलं.

दसऱ्याला सकाळी आबांना खुर्ची टाकून दिली आणि किक मारायला लागलो. गाडी ढिम्म. वीस-पंचवीस किका झाल्या, पाय भरून आला. आबा कंटाळून दुसरीकडे बघायला लागले, तेव्हा मात्र माझा तोल सुटला. "एवढंही होत नाही तुझ्याच्यानं?" असं मी देवाला चक्क मोठ्यानं म्हणालो.

तेवढ्यात फाटकातून मिलिंदभाऊ आले. त्यांचा त्या दिवशी धम्मदीक्षेचा सण. बोरीच्या बहिणीकडे खीर घेऊन निघाले होते, अंगात पांढरे शुभ्र कपडे. म्हणाले, "रॉड मी केल्यात, म्हनलं पयला आवाज ऐकून जावं." मग त्यांची नजर इंजिनवरच्या लाल डागावर गेली.

"पूजा इंजिन बांधायच्या आदी केली का नंतर?"

"आधी."

"कुंकू कुठं लावलं?"

"क्रँकला, रॉडला."

त्यांनी खिरीचा डबा खाली ठेवला. "खोला भाऊ."

क्रँकला बारीक भोकं असतात, त्यातून रॉडच्या बुशाला तेल जातं. दोन्ही भोकांत कुंकवाचा घट्ट लगदा बसला होता. "पूजा लई करा राव, पन तेलाच्या वाटंत कशाला? चालू झाली असती तर ओझरच्या अलीकडंच रॉडनं इंजिन फोडलं असतं. आन् मागं आबा." त्यांनी बाह्या सारल्या आणि दोन दिवस येऊन सगळं धुऊन, मोजून पुन्हा बांधलं. पहिल्याच दिवशी सणाचे पांढरे कपडे काळे झाले. मी ओशाळलो तर हसले, "धुतल्यावर निघंल."

आणि गाडी त्या सकाळी चालू का झाली नाही? पेट्रोलचा कॉक उघडायलाच मी विसरलो होतो. ज्या विसरण्यावरून देवाशी भांडत होतो, त्याच विसरण्यानं आम्हा बापलेकांना राखलं. यात देव कुठे होता हे मी कुणाला पटवायला जात नाही. मिलिंदभाऊ तर देव मानतच नाहीत. मी मात्र त्या दिवशी नवस मागे घेतला. म्हटलं, तुला काय द्यायचं ते तू ठरव, मी नुसता दर्शनाला येतो.

संकष्टीला निघालो. पहिल्याच किकला गाडी बोलली. मागे बसलेल्या आबांनी मान कलती करून आवाज ऐकला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

"पोरा, तेल बघितलं का रं?"

मला काही दिसेनासं झालं. म्हणालो, "मी न्हाई आबा. दुसऱ्यानं बघितलं."

घरी परतेपर्यंत मी पुन्हा पावणा झालो होतो. गाव विचारलं, तर हात जोडून सांगितलं, "इथलाच आहे."