दोन वाट्या आणि एक गोटी

आमच्या जुईला लपाछपी खेळता येत नाही. "जुई, कुठं आहेस?" असं ओरडलं, की ती शांतपणे सांगते, "पलंगाखाली."

जुई माझी लेक, सात वर्षांची, स्वमग्न. ती स्वतः खोटं बोलत नाही आणि समोरचा थापा मारतोय हे तिच्या ध्यानातही येत नाही. वर्गातल्या पोरी "डोळे मीट, चॉकलेट देते" म्हणून तिचाच डबा फस्त करायच्या. पुढं हिचं कसं होणार, या धास्तीनं माझी झोप उडायची.

थेरपीच्या मॅडमनी तिला बाहुल्यांचा खेळ दाखवला. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. दुसरी तीच गोटी डब्यात लपवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठं शोधेल? जुई म्हणाली, "डब्यात." (गोटी डब्यातच होती, पोरीचं काय चुकलं?)

"ती टोपलीत शोधेल," मॅडम म्हणाल्या. "गोटी हलवलेली तिनं पाहिलीच नाही ना! दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असू शकतं, हे बऱ्याच मुलांना चार-पाच वर्षांची होईपर्यंत उमगतं. जुईसारख्या काही मुलांना वेळ लागतो. घरी खेळत राहा."

झालं! मी घरात प्रयोगशाळाच उघडली. नवऱ्याच्या बाईकची चावी तांदळात, सासूबाईंचा चष्मा फ्रीजमध्ये!

"जुई, बाबा चावी कुठं शोधतील?"

"तांदळात."

बाबांनी तांदूळ सोडून सगळं घर शोधलं आणि वाळूजच्या कारखान्यातली सकाळची शिफ्ट बुडाली. सासूबाई गारेगार चष्मा नाकावर चढवत म्हणाल्या, "येड लागलं का गं तुला?"

अशात धाकट्या जावेचं, रूपालीचं डोहाळजेवण आलं. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरी बायकांची ही गर्दी! झाकलेल्या दोन वाट्यांची जबाबदारी माझी. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, एवढीच ती गंमत. पण सासूबाईंना आता नातूच हवा असणार, हे मला न विचारता कळलं. (त्यांच्या मनातलं मला न विचारता कळतं, असा माझा लौकिक होता. पसरवणारी मीच.) म्हटलं, म्हातारीला खूश करू. दोन्ही वाट्यांत पेढे ठेवले आणि गजरे आणायला निघून गेले.

हिरव्या साडीतल्या रूपालीनं लाजत झाकण उचललं. बर्फी!

"असं कसं?" मी किंचाळले. "मी तर दोन्हीत पेढे ठेवले होते!"

शेजारच्या शबानाभाभींनी दुसरं झाकण उचललं. "लो, इसमें भी बर्फी!"

रूपाली माझ्याकडं बघतच राहिली. "ताई, दोन्हीत पेढे? मग मी काय निवडणार व्हते?"

मी ऐकलंच नाही असं दाखवत दरडावलं, "कुणी बदललं हे?" सासूबाई पदराचं टोक न्याहाळू लागल्या. कोपऱ्यात बांगड्या ओळीनं मांडत बसलेली जुई मान वर न करता म्हणाली, "आजीनं."

"गप गं!" सासूबाई.

"आजीनं पेढे काढले, बर्फी ठेवली. आई गजरे आणायला गेलती. आईला दिसलं नाय. म्हणून आईला वाटलं, पेढेच हायेत."

आईला वाटलं! चारचौघांत माझी पुरती शोभा झाली होती आणि मला आनंदानं रडू फुटलं. माझ्या डोक्यात काय होतं, ते माझ्या लेकीला कळलं होतं! जुईला मिठी आवडत नाही, म्हणून मी शबानाभाभींनाच मिठी मारली.

डोळे पुसून मी सासूबाईंकडं वळले. "पण आत्याबाई, तुम्हाला तर नातू हवा होता ना?"

"कोण म्हणलं? इचारलंस व्हय कधी?" त्या उसळल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "माझ्या जुईला पाठीशी एक बहीण पायजे. तिचा डबा सांभाळाया."

मला पुन्हा रडू आलं. शबानाभाभी सावधपणे दोन पावलं मागं सरकल्या.

जुई अजून पलंगाखालून ओ देते. पण त्या दिवशी ती पास झाली, हे मी मॅडमना लगेच फोन करून कळवलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. इतकी वर्षं सासूबाईंच्या घरात राहून, मी अजून गोटी टोपलीतच शोधतेय!