चिमाजींच्या इंजिनाला गार पाणी

गंगापूर धरणावर मासे धरणाऱ्या चिमाजी भोयांचा उजवा खांदा १९७८च्या उन्हाळ्यात आखडला आणि वल्हं मारणं जमेनासं झालं. मी तेव्हा तिथल्या मच्छीमार सोसायटीचं दप्तर सांभाळत होतो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं.

त्यांचा जावई भिकन सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्यानं सासऱ्यासाठी तिथंच वॉचमनची जागा बोलून ठेवली.

"मामा, सावलीत खुर्ची मिळते. अजून काय पाहिजे?"

"खुर्चीत बसून लोकांच्या सायकली राखू का?" चिमाजी म्हणाले. "होडीला इंजिन बसवतो. रविवारी ये. पलीकडच्या काठाचं जाळं काढून आलो, तर तुझी नोकरी नको. नाय जमलं, तर मी गेटवर."

इंजिन मेव्हण्याच्या विहिरीवरचं. तिकडं वीज आल्यापासून ते गोठ्यात पडलं होतं. विहिरीवर इंजिन जे पाणी उपसतं, त्यातलीच एक धार त्याच्या अंगातून फिरते आणि त्याला गार ठेवते. होडीत मात्र ते पाणी उपसणार नव्हतं, होडी ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवणार होतं. मग त्याला पाणी पाजायचं कोणी? पट्ट्यावर चालणारा छोटा पंप लावायचा, धरणाचं पाणी आत घ्यायचं आणि गरम झालेलं बाहेर सोडायचं, असं ठरलं. चिमाजींनी फळीवर कोळशानं नकाशा काढला.

"हे गांडूळ कशाला काढलं?" त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी विचारलं.

"पाइप हाय तो!"

पाइपाचं तोंड कुठं ठेवायचं, हे मखमलाबादच्या झुंबर मिस्त्रीनं सांगितलं. त्याचा सगळा जन्म विहिरींवर गेलेला. "चिमादादा, जितकं खोल, तितकं पाणी गार. आणि तळ कधी उघडा पडत नाय." त्यानं लांबलचक पाइप सोडला, ओढलेलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून तोंडाला फूटव्हॉल्व्ह लावला आणि पाइप वर तरंगू नये म्हणून त्याला धोंडाही बांधला. धरणाचा तळ चिमाजींना तळहातासारखा माहीत, पण इंजिनाच्या गोष्टीत झुंबरपुढं बोलायचं नाही, असा त्यांचा नेम.

रविवारी भिकन इस्त्रीचा शर्ट घालून होडीत बसला. होडी झोकात निघाली. पलीकडचा काठ जवळ आला तसं पाणी उथळ झालं, धोंडा गाळात घुसला आणि पंपानं पाण्याऐवजी चिखल ओढला. इंजिनातून वाफ निघाली, ते कण्हलं आणि बंद पडलं. चिमाजींना वल्हं उचलेना. शेवटी जावयानं वल्हं मारत होडी परत आणली. काठावर येईपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले होते.

"मामा, आता गेटवर," तो एवढंच म्हणाला.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब, जावईबापू. तुझेपण फोड बसू दे."

आठवडाभर झुंबर आणि चिमाजी भांडले. झुंबर म्हणे, पाइप आखूड केला तर शेवाळ ओढेल. तेही खरंच होतं. शेवटी चिमाजी उठले आणि धरलेले मासे जिवंत ठेवायची वेळूची टोपली घेऊन आले. भोई लोक ती होडीच्या कडेला पाण्यात बांधून ठेवतो, पाणी आत खेळतं आणि घाण बाहेर राहते, असं ते मला समजावून सांगत होते. त्यांनी टोपली हातभर खोलीवर कडेच्या पट्टीला आवळून बांधली आणि पाइपाचं तोंड तिच्यात बसवलं.

"इंजिनाला माशासारखं ठेवणार?" झुंबर हसला.

"मासा जगतो ना? मग!"

दुसऱ्या रविवारी होडीच्या बाजूनं गरम पाण्याची बारीक धार पडत राहिली. काठावरून साळूबाई ओरडल्या, "अहो, होडीला किती वेळ लागतो मुतायला?"

"धार थांबली की मग रड," चिमाजींनी उत्तर दिलं.

ती थांबली नाही. उथळ पाण्यातून जाळं काढलं, त्यात मरळ आणि रोहू भरपूर निघाले. परतताना भिकननं सुकाणू मागून घेतलं आणि नको तिथं वळवून होडी दोनदा गोल फिरवली. काठाला लागल्यावर त्यानं विचारलं, "मामा, मग साहेबांना काय सांगू?"

"सांग, सासऱ्याला पाण्यातून सवड नाय."

भिकननं मान डोलावली आणि माशांची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो चढण चढू लागला. शर्टाचं काय झालं, ते त्यानं बघितलंसुद्धा नाही.