माझ्या थरथरीचा फॉन्ट

उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी जुन्या पनवेलला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करत होते. वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर, सगळे माझ्या हातचे. काही महिन्यांनी परत कामावर गेले तर माझ्या खुर्चीत एक नवी मुलगी. मालकांनी मला काउंटरजवळ स्टूल दिलं.

हात चालेना म्हणून घरी पोळ्यांना बाई लावली होती, आणि डॉक्टरांनी रोज बाराखडी लिहायला सांगितली होती. गिऱ्हाईक नसलं की वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर मी जाड मार्करने लिहायचे. रेघ सुरू कुठे करायची ते माझ्या हातात असे, संपेल कुठे ते नसे. ती मुलगी कागद उचलून न्यायची. "ताई, मघाचा ण परत काढा ना. तसाच वाकडा." मला वाटे, पोर कौतुकाने मागते. मी काढून द्यायचे.

एका संध्याकाळी नवऱ्याबरोबर रिक्षाने विचुंब्याला घरी येत होते. नाक्यावर काळा बॅनर लागला होता, मैदानातल्या जत्रेतल्या भुताच्या बंगल्याचा. लाल अक्षरं, त्यांना खाली रक्ताचे ओघळ जोडलेले. नवऱ्याने माझ्याआधी ओळखलं.

"हे तर तुझं अक्षर," तो म्हणाला आणि इतका हसला की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "भुतं तुझ्याच शाळेत शिकली वाटतं."

जीभ तेव्हा जड होती. उत्तर जुळेपर्यंत घर आलं.

दुसऱ्या दिवशी मालकांना विचारलं. ते मोबाइलमधून वर बघेनात. "मग काय झाला? कचऱ्यात जायचे ते कागद, कामाला आले. तुज्या अक्षरांचा फॉन्ट केलाय. अशी थरथर कम्प्युटरला जमत नाय. आता आकडे रायलेत, तेवढे काढ, बाय. हात सुधारायच्या आत."

मी काढायला बसले. नाही म्हटलं असतं तर दिवसभर घरात नवऱ्याचं तोंड बघावं लागलं असतं. पण व्यायाम लागू पडत होता. आठापर्यंतचे आकडे वेडेवाकडे आले, नऊ मात्र गोल, देखणा उतरला. मी हरखून मालकांना दाखवला.

"ह्यो लग्नपत्रिकेला चालंल," म्हणत त्यांनी कागद चुरगळला.

मग ते काम त्या मुलीकडे गेलं. ती माझ्याशेजारी बसली, माझी पकड बघून हात हलवू लागली. छपाईच्या मशीनवरचा माणूस पोट धरून हसला. तिला काही केल्या जमेना.

"मनगट नको हलवू," मी म्हटलं. "ती थरथर खांद्यातून येते."

तिने ते लगेच उचललं. तिचा नऊ माझ्या कुठल्याही अक्षरापेक्षा भयानक आला.

फॉन्ट पुरा झाला त्याच आठवड्यात मालकांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. घरी येऊन नवऱ्याला तसं बोलले.

"बरं झालं," तो म्हणाला. "पोळीवाली बंद करू."